पागनिशी

बाबांनी वहीत उभी रेघ मारली.
डावीकडे निळी, उजवीकडे काळी.
चौतीस वर्षं एजी ऑफिसात
दुसऱ्यांच्या खर्चावर लाल टिंबं ठेवली,
आता पेनाखाली माझा पगार, माझा हप्ता,
माझं चेन-स्प्रॉकेट.

आमचं आडनाव पागनीस.
म्हणजे इथे लष्करात कधीतरी कुणीतरी
घोड्यांच्या हरभऱ्याचा हिशेब लिहीत असे.
घोड्यावर बसलेलं कुणी
घरातल्या एकाही फोटोत नाही.

निळीवर बसलं की कोपर सैल, पाठ सरळ,
दोन्ही टाचा जमिनीवर.
मागे आई बसू शकेल, कडेला पिशवीसुद्धा.
काळीवर ओणवं व्हायचं टाकीवर,
मागे जेमतेम डबा मावेल एवढी सीट,
आणि माझे चवडेच टेकतात. तेही ताणून.

किती देते?
समोरच्या गुप्ताजींनी विचारलं, लॅबमधल्या नफीसने विचारलं,
अकोल्याच्या मावशीने फोनवर, तब्येतीच्याही आधी.
घेते किती, हे कुणीच नाही.

शोरूममध्ये लोकेंद्र कुशवाह
कागद माझ्या हातात देतो, बोलतो बाबांशी.
"अंकल, मॅडम के लिए स्कूटर भी दिखा दूँ?"
बाबा चष्मा पुसतात. वही उघडून दाखवतात.
"इसमें स्कूटर का कॉलम नहीं है, भैया."

निळी फूलबागेला वळसा घालून आणली.
काही झालं नाही.
पडावाच्या पुलावर टेम्पो आडवा आला,
तर ब्रेक मी लावला की तिने, कळलं नाही.
इतकी शहाणी, की उतरताना
मी तिचा रंग विसरले होते.

काळी उरवाईकडे नेली.
डब्याच्या जागेवर लोकेंद्र, अंग चोरून.
चढावर, जिथे कड्यातले तीर्थंकर उभे आहेत
आणि एकाला चेहराच उरलेला नाही,
तिथे मी दुसरा गिअर हट्टाने धरून ठेवला.
ती गचकली. बंद पडली.
पाय शोधायला गेला
आणि जमीन दोन बोटं खाली होती.

दोन बोटं.

मे महिना, बाराचं ऊन, दगड तव्यासारखा.
लोकेंद्र आधीच उडी मारून कडेला.
"आप रहने दो, मॅडम."
मी राहू दिलं नाही.
पाठ सीटला लावली, गुडघ्यांत वाकले,
एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, टाचा रोवल्या.
पहिल्यांदा नुसती हलली.
दुसऱ्यांदा आवाज आला, तो माझ्या बरगडीतून.
तिसऱ्यांदा उठली.
एकशे त्रेपन्न किलो
कागदावर सकाळीच वाचले होते मी.
वाचले होते, एवढंच.

खाली आलो. बाबांनी काही विचारलं नाही.
क्लचच्या लिव्हरचं घासलेलं टोक पाहिलं,
माझं कोपर पाहिलं,
पेनाचं टोपण काढलं. "कुठली?"

निळीचं वजन मला माहीत नाही, मी म्हटलं.

लोकेंद्र म्हणाला, नवी येईल पुढच्या आठवड्यात, बिनाओरखड्याची.
नको, हीच.
ही टेस्ट राइडची, विकायची नाही.
मग आतून मॅनेजर आला, चहा दोनदा आला,
बाबांनी ओरखडा बोटाने मोजला,
जणू जन्मभर ह्याच ओरखड्याची वाट पाहत होते,
आणि साडेनऊ हजारांवर सुटलं.

दोन बोटांचं अजून बघायचंय.
छावणीतला मोची म्हणतो, बुटाला सोल चढवून देतो,
पण चालताना उंट दिसाल.

घरी वही टेबलावर उघडी होती.
मायलेजचा रकाना कोरा.
शेवटी, शेऱ्यात, बाबांचं ते बारीक सरकारी अक्षर:
पडली १. उचलली १. बाकी शून्य.